अभयदानाची खडतर वाट : मृदुलाबेन साराभाई

आहारदान, औषधदान, ज्ञानदान आणि अभयदान असे दानाचे चार प्रकार जैन परंपरेने सांगितले असून त्यांत अभयदानाला श्रेष्ठ मानले आहे. भयाने ग्रासलेल्या जिवाला निर्भय करणे हे ते दान. देशाच्या फाळणीच्या वणव्यात होरपळलेल्या हजारो स्त्रियांसाठी हे कार्य अंगावर घेणाऱ्या मृदुलाबेन साराभाई यांचा जन्म ६ मे १९११ रोजी अहमदाबादच्या एका प्रतिष्ठित जैन घराण्यात झाला.

कॅलिको मिलचे मालक शेठ अंबालाल व सरलादेवी यांच्या आठ अपत्यांत त्या थोरल्या. थोर शास्त्रज्ञ डॉ. विक्रम साराभाई हे त्यांचे धाकटे बंधू. १९१८ च्या गिरणी संपात आत्या अनसूयाबेन कामगारांच्या बाजूने, तर सख्खे बंधू अंबालाल मालकांच्या बाजूने उभे होते. न्यायासाठी प्रसंगी आप्तांसमोरही उभे राहावे लागते, हा संस्कार त्या घरातच होता. १९३० च्या सत्याग्रहात मृदुलाबेननी कारावास पत्करला. १९३४ मध्ये त्यांनी अहमदाबादेत ‘ज्योती संघ’ स्थापन केला. स्त्रियांना हाताला काम देणे आणि घरात छळ सोसणाऱ्यांच्या पाठीशी उभे राहणे हे त्याचे कार्य होते. १९३७ मध्ये पुष्पाबेन मेहता यांच्या पुढाकाराने, मृदुलाबेनच्या साहाय्याने ‘विकास गृह’ हे आश्रयस्थान सुरू झाले. पुढील महत्कार्याची पूर्वतयारी जणू येथेच झाली.

१९४७ मध्ये पंजाब पेटला. दोन्ही बाजूंच्या जमावांनी स्त्रियांना पळवून नेले. सुमारे ५०,००० मुस्लिम स्त्रिया भारतात आणि ३३,००० हिंदू व शीख स्त्रिया पाकिस्तानात अडकल्या, असा सरकारी अंदाज होता. ६ डिसेंबर १९४७ रोजी लाहोर येथे दोन्ही देशांनी या स्त्रियांना सोडवून परत पाठविण्याचा करार केला. भारताच्या बाजूने या मोहिमेची धुरा मृदुलाबेनकडे आली. खादीचा सलवार-कुडता ल्यालेल्या, आखूड केसांच्या या अविवाहित स्त्रीने पुढील काही वर्षे याच कार्याला वाहिली.

ठावठिकाणा कळताच महिला कार्यकर्त्या पोलिसांसह त्या गावी जात. सोडविलेल्या स्त्रीस प्रथम जिल्ह्याच्या छावणीत आणि तेथून लाहोर वा जालंधरच्या मुख्य छावणीत नेत. लाहोरमध्ये सर गंगाराम रुग्णालयाच्या वास्तूत अशी छावणी होती. मृदुलाबेनच्या सहकारी कमलाबेन पटेल यांनी लाहोरात राहून हे कार्य केले. सुमारे आठ-नऊ वर्षांत दोन्ही देशांत मिळून सुमारे ३०,००० स्त्रिया सोडविण्यात आल्या. त्यांत मुस्लिम स्त्रियांची संख्या मोठी होती. पीडितेचा धर्म न पाहता आश्रय देणे हे या कार्याचे मर्म होते.

तथापि ही वाट निष्कंटक नव्हती. १९४९ च्या कायद्यात त्या स्त्रीच्या स्वतःच्या इच्छेला फारसे स्थान नव्हते. काही स्त्रिया नव्या संसारात स्थिरावल्या होत्या आणि परतण्यास तयार नव्हत्या. त्यांनाही छावणीत आणले गेले. अनेक मातांना तान्ही मुले मागे ठेवावी लागली. भयाच्या सावटाखाली दिलेली संमती ही खरी संमती नव्हे, अशी मृदुलाबेनची धारणा होती. याच कार्यातील ज्येष्ठ नेत्या रामेश्वरी नेहरू यांना मात्र ही सक्ती मान्य नव्हती. पुढील अभ्यासकांनीही या मोहिमेची कठोर चिकित्सा केली आहे. आश्रय देणाऱ्याने आश्रिताचे मन विचारावे की नाही, हा त्यातील खरा प्रश्न आहे आणि तो आजही प्रत्येक सेवाभावी संस्थेपुढे उभा राहतो.

दुसरे दुःख याहून खोल होते. सुटून आलेल्या कित्येकींना त्यांच्याच घरच्यांनी दार उघडले नाही. या लेकी निर्दोष आहेत, त्यांना सन्मानाने स्वीकारावे, असे आवाहन महात्मा गांधी व पंडित नेहरू यांना करावे लागले. ज्यांना घर उरले नाही, त्यांच्यासाठी जालंधरच्या ‘गांधी वनिता आश्रमा’सारख्या संस्थांनी निवारा दिला.

मृदुलाबेनचे उत्तरायुष्य संघर्षात गेले. १९५३ मध्ये शेख अब्दुल्ला यांना अटक झाल्यावर त्या त्यांच्या बाजूने उभ्या राहिल्या. त्यासाठी पक्षाने त्यांना दूर केले, स्वतंत्र भारतातही त्यांना तुरुंगवास घडला. पण त्यांनी भूमिका सोडली नाही. १९७४ मध्ये त्यांचे निधन झाले.

छावणी उभारण्यास निधी लागतो, मनुष्यबळ लागते. समाज ते जमवू शकतो. परंतु छावणीतून निघालेल्या स्त्रीला उंबरठ्याच्या आत घेण्यासाठी मनाचे दार उघडावे लागते. ते उघडल्यावाचून अभयदान पूर्ण होत नाही, हेच मृदुलाबेनचे जीवन आपणांस सांगते. त्यांच्या स्मृतीस विनम्र अभिवादन.