घरच्या विहिरीवरचं इंजिन

यूट्यूबवर तळहातावर मावणारं वाफेचं इंजिन बघत तुम्ही कधी रात्रीचे दोन वाजवलेत? मी वाजवलेत. पितळेचा बॉयलर, खाली स्पिरिटचा दिवा, थोड्या वेळात पिस्टन पुढेमागे करायला लागतो आणि चाक फिरतं. पुण्यात कर्वे रस्त्यावर जोशींचं छोट्या रेल्वेचं अख्खं म्युझियम आहे, सुट्टीत जाऊन या. आणि लोहाऱ्यात राहणाऱ्यांनी आजोबांना विचारा, यवतमाळहून मूर्तिजापूरला निघणाऱ्या आपल्या शकुंतलेला १९९४ पर्यंत वाफेचंच इंजिन होतं. १९२१ साली मँचेस्टरमध्ये बनलेलं.

पण मला सांगायचंय ते घरात इंजिन बनवणाऱ्या एका मुंबईकराबद्दल. अर्देशीर करसेटजी वाडिया, जन्म १८०८.

घराणं जहाजं बांधणाऱ्यांचं. सागवानी लाकडाची त्यांची जहाजं इंग्रजांच्या आरमारात होती. चौदाव्या वर्षी अर्देशीर गोदीत कामाला लागले. घरचा धंदा तयार, पुढची वाट ठरलेली. (ओळखीचं वाटतंय ना?) यांचं मन मात्र लाकडात नव्हतं, वाफेत होतं.

मग त्यांनी एक हॉर्सपॉवरचं छोटं इंजिन स्वतः बनवलं आणि विहिरीचं पाणी उपसून घरच्या कारंज्याला दिलं. एक हॉर्सपॉवर म्हणजे काय मोठं, असं म्हणू नका. इंजिन जितकं लहान, तितकं ते चालवणं अवघड. बॉयलर लहान झाला की आतलं पाणी झपाट्याने कमी होतं, पण त्या मानाने बाहेरचा पत्रा जास्त राहतो आणि उष्णता निसटून जाते. पिस्टन जरा सैल बसला की वाफ गेलीच. शिवाय बॉयलर फुटायची भीती. आज हौशी लोक आयते सुटे भाग मागवतात, यांच्याकडे ती सोयही नव्हती.

पंचविशीत, १८३३ साली, त्यांनी साठ टनांचं 'इंडस' जहाज बांधलं आणि त्यात वाफेचं इंजिन बसवलं. पुढच्या वर्षी माझगावचा बंगला आणि बाग गॅसच्या दिव्यांनी उजळली. गव्हर्नर स्वतः बघायला आले.

१८३९ मध्ये ते जहाजांची इंजिनं शिकायला इंग्लंडला गेले. प्रवासाची डायरी लिहिली, ती लंडनमध्ये छापून आली. १८४१ मध्ये रॉयल सोसायटीने त्यांना फेलो निवडलं. हा मान मिळवणारे ते पहिले भारतीय. दुसरे रामानुजन, १९१८ साली! रामानुजन आपल्याला शाळेपासून पाठ आहेत. अर्देशीर यांचं नाव मी मास कॉमच्या शेवटच्या वर्षी, तेही चुकून, वाचलं.

त्याच वर्षी ईस्ट इंडिया कंपनीने त्यांना मुंबईच्या स्टीम फॅक्टरीचे चीफ इंजिनिअर नेमलं. आता खरी पंचाईत. हाताखाली युरोपियन इंजिनिअर, युरोपियन बॉयलरमेकर, आणि वर साहेब कोण, तर नेटिव्ह! मुंबईतल्या इंग्रजी पेपरने आक्षेप घेतला, की असा कारखाना एतद्देशीयाच्या हाती देण्याची वेळ अजून आलेली नाही. म्हणजे चूक व्हायच्या आधीच निकाल. अशा खुर्चीवर साधा व्हॉल्व्ह बिघडला तरी बोट कुणाकडे जाणार, ते तुम्हीच ओळखा. अर्देशीर १८५७ पर्यंत, सोळा वर्षं, तिथे टिकले. मधे अमेरिकेची वारीही झाली.

निवृत्तीनंतर सिंधू नदीवर बोटी चालवणाऱ्या कंपनीचं काम बघितलं. १८६८ मध्ये ते इंग्लंडला रिचमंडला राहायला गेले आणि १६ नोव्हेंबर १८७७ ला तिथेच वारले. १९६९ साली पोस्टाने त्यांचं तिकीट काढलं.

एक गोष्ट मात्र मी मुद्दाम मागे ठेवली होती. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून ठाण्याला पहिली प्रवासी गाडी सुटली, ती ओढणारी इंजिनं विलायतेहून आलेली. त्याच्या दोन वर्षं आधी, फेब्रुवारी १८५१ मध्ये, मुंबईत 'लवजी फॅमिली' नावाची ऐंशी टनांची आगबोट पाण्यात उतरली होती. तिचे सगळे भाग अर्देशीर यांनी घरच्या ओतशाळेत बनवले होते.