शमीचे कैवारी श्रीगुरू जांभोजी

आज विजयादशमी. सायंकाळी सीमोल्लंघन करून आपण शमीला वंदन करू, आपट्याची पाने सोने म्हणून वडीलधाऱ्यांच्या हाती ठेवू. अज्ञातवासाला निघालेल्या पांडवांनी आपली शस्त्रे ज्या वृक्षाच्या स्वाधीन केली तो हा वृक्ष, एवढी शमीची ओळख आपल्या घरांतील लहान मुलांनाही असते. आपल्याकडे सौंदड या नावानेही ओळखली जाणारी हीच शमी राजस्थानच्या मरुभूमीत खेजडी म्हणून नांदते. तेथे ती केवळ पूजेची नाही. तिच्या आधाराने गावे जगतात. तिच्या रक्षणाला धर्माचे अधिष्ठान देणारे सत्पुरुष म्हणजे बिष्णोई पंथाचे संस्थापक श्रीगुरू जांभोजी, अर्थात जांभेश्वर महाराज.

नागौरजवळच्या पीपासर गावी इ. स. १४५१ मध्ये, ऐन गोकुळाष्टमीला त्यांचा जन्म झाला. लोहटजी पंवार हे त्यांचे पिता आणि हंसादेवी या माता. उतारवयात लाभलेले हे एकुलते एक अपत्य फार बोलत नसे, म्हणून गावाने त्याला खुळा ठरविले. पुढे सुमारे सत्तावीस वर्षे जांभोजींनी गुरे राखली. कृष्णजन्माच्या तिथीला जन्मलेल्या बालकाने गोपालनच करावे याचे भाविकांना मोठे कौतुक वाटते. आम्हांस मात्र वाटते की, हे रान हीच त्यांची पाठशाळा होती. वाळवंटात झाडाचे मोल गुराख्याइतके दुसऱ्या कोणास कळणार?

ते मोल थोडे समजून घेतले पाहिजे. त्या प्रदेशात वर्षाकाठी जेमतेम दहा-बारा इंच पाऊस पडतो आणि तोही भरवशाचा नसतो. खेजडीचे मूळ वाळूत अतिशय खोल उतरते; त्यामुळे सारे रान करपले असताना भर उन्हाळ्यात तिला नवी पालवी फुटते. तिच्या कोवळ्या शेंगा म्हणजे सांगरी, भाजीसाठी वाळवून वर्षभर ठेवतात. तिचा पाला, ज्याला तेथे लूंग म्हणतात, हिवाळ्यात बेताने उतरवून जनावरांना घालतात. तिच्या सावलीत बाजरी खुरटत नाही, उलट चांगली येते. कारण तिच्या मुळांमुळे जमिनीचा कस वाढतो. भीषण दुष्काळात तिची साल दळून माणसांनी पोट भरल्याचेही दाखले आहेत. परंतु ती वाढते फार सावकाश. शेतात आपोआप उगवलेले रोप नांगराच्या फाळातून वाचवावे लागते आणि शेळ्या-उंटांचे तोंड लागू नये म्हणून काट्यांचे कुंपण घालून पुढे वर्षानुवर्षे सांभाळावे लागते. आजोबाने राखलेल्या रोपाची दाट सावली नातवाला मिळायची, असा हा व्यवहार आहे. म्हणूनच भुकेच्या वर्षी कुऱ्हाड चालली, तर पुढच्या दुष्काळाला आधारच उरत नाही.

मातापित्यांच्या निधनानंतर जांभोजींनी घरदार सोडले आणि समराथल नावाच्या वाळूच्या उंच टेकडीवर आसन मांडले. इ. स. १४८५ मध्ये मोठा दुष्काळ पडला. गुरेढोरे घेऊन माणसे माळव्याच्या वाटेला लागली. जांभोजींनी अनेकांना धान्य पुरवून गावीच थांबविले, अशी पंथाची परंपरा सांगते. दामाजीपंतांची कथा ऐकत वाढलेल्या मराठी वाचकाला ही करुणा अनोळखी वाटणार नाही. मात्र जांभोजी अन्नदानावर थांबले नाहीत. त्याच वर्षी, आपल्या पंचांगाप्रमाणे आश्विन वद्य अष्टमीस, त्यांनी समराथलावर कलश स्थापून अभिमंत्रित जलाने लोकांना दीक्षा दिली आणि एकोणतीस नियम घालून दिले. वीस आणि नऊ मिळून बिष्णोई, अशी त्या नावाची एक व्युत्पत्ती सांगतात. विष्णूच्या उपासनेवरून ते आले, असेही मानतात.

या नियमांत प्रातःस्नान, संध्या, हवन, विष्णुनाम, सत्य आणि क्षमा आहेत, तशीच भूतदया आहे. आणि हिरवे झाड तोडू नये ही आज्ञाही आहे. सरपण चुलीत घालण्यापूर्वी त्यात किडामुंगी नाही ना, हे पाहावे, इतका बारकावा त्यांत आहे. बिष्णोई मृताला अग्नी न देता भूमीत ठेवतात, त्यामुळे चितेसाठीही झाडावर घाव पडत नाही. राजाज्ञा राज्याबरोबर जाते. जांभोजींनी वृक्षरक्षण न्हाणीघरात, चुलीपाशी आणि देवघरात नेऊन ठेवले. त्याचा पहारा घरच्या गृहिणीकडे आला. त्यांच्या कार्यातील हीच गोष्ट आम्हांस सर्वांत मोठी वाटते.

रोटू गावातील खेजडीचे रान त्यांच्याच कृपेने उभे राहिले, अशी श्रद्धा आहे. फलोदीजवळ त्यांनी खोदविलेला जांभोलाव तलाव हे आजही तीर्थक्षेत्र आहे. इ. स. १५३६ मध्ये त्यांनी देह ठेवला. समाधीची जागा त्यांनी एका खेजडीच्या खुणेनेच दाखविली होती, असे सांगतात. बिकानेर भागात नोख्याजवळचे ते स्थान म्हणजे मुकाम.

त्या नियमाची कसोटी पुढे १९४ वर्षांनी लागली. इ. स. १७३० मध्ये जोधपूरचे महाराजा अभयसिंह यांच्या महालाच्या बांधकामाला चुना भाजण्यासाठी लाकूड हवे होते. राजसेवक कुऱ्हाडी घेऊन खेजडली गावात आले. अमृतादेवी नावाच्या गृहिणीने खेजडीला मिठी मारली आणि तेथेच तिचे शिर धडावेगळे झाले. मागोमाग तिच्या तीन मुली पुढे झाल्या. आसपासच्या गावांतून माणसे येत राहिली, झाडांना कवटाळत राहिली. एकूण ३६३ स्त्रीपुरुषांनी प्राण दिले. अखेर महाराजांनी ही तोड थांबविली आणि बिष्णोई गावांतील वृक्षतोडीला बंदी केली. तो दिवस भाद्रपद शुद्ध दशमीचा होता. आजच्या दशमीच्या बरोबर एक महिना आधीचा. पुढे १९८३ मध्ये राजस्थानने खेजडीला राज्यवृक्षाचा मान दिला.

आपल्या सर्वपित्री अमावास्येला मुकामला मोठी यात्रा भरते. तूप-नारळाचे हवन होते, पाखरांसाठी धान्य वाहिले जाते. मग यात्रेकरू समराथलाकडे निघतात. पायथ्याच्या तळ्यातील माती ओंजळीत, पदरात घेतात आणि टेकडी चढून माथ्यावर नेऊन टाकतात. तळे खोल होते, टेकडी तेवढीच उंच होते.