सुशी विकली म्हणून पकडला गेलेला हानाया योहेई
उमरीहून रेल्वेनं हैदराबादला नोकरीला गेलेल्या पोरांच्या स्टेटसवर अधूनमधून रंगीबेरंगी सुशी दिसते. तो भाताचा मुटका आणि वर माशाचा काप, याचं श्रेय हानाया योहेईला दिलं जातं.

जन्म १७९९चा. एदोत, म्हणजे आजच्या टोकियोत, तो आधी तांदळाच्या अडत्याकडे राबला. १८२०च्या दशकात त्यानं र्योगोकूला सुशीचं दुकान टाकलं. तेव्हा सुशी साच्यात दाबून ठेवत. योहेईनं व्हिनेगरचा भात हातानंच वळला, वसाबी लावली, मासा ठेवला. बर्फ कुठला? मासा व्हिनेगर नाहीतर सोया सॉसमध्ये मुरवलेला, पुरता कच्चा नव्हेच.

धंदा तुफान चालला. १८४०च्या दशकात सरकारनं चैनीवर बंदी आणली आणि महागडी सुशी विकणाऱ्यांत योहेईलाही धरलं. १८५८ मध्ये तो वारला.