गॉगलच्या काचेलाही दिशा असते: पोलराइज्ड काच बनवणाऱ्या एडविन लँडची गोष्ट

भोकरदनहून राजूरमार्गे जालन्याला भर उन्हात बाईकवर जाणाऱ्याला गॉगलचं महत्त्व वेगळं सांगायला नको. समोरच्या गाडीच्या बोनेटवरून येणारी तिरीप थेट डोळ्यात घुसते, म्हणून आपण पोलराइज्ड गॉगल घेतो. पुढे काचांवर ओरखडे पडतात. फ्रेम मात्र आवडती असते, मग नुसत्या काचा बदलून घेतो. आणि कधीकधी नव्या काचा बसल्यावर तिरीप पुन्हा सुरू होते! अशा वेळी काच नकलीच असेल असं नाही. ती फ्रेममध्ये फिरलेली असू शकते. हे असं का होतं, ते एडविन लँड या माणसाच्या आयुष्यातून छान समजतं.

लँडचा जन्म 7 मे 1909 चा, अमेरिकेतल्या ब्रिजपोर्ट गावचा. लहानपणी एका शिबिरात त्याने एक खास स्फटिक पाहिला. त्यातून बघितलं की टेबलावरची चकाकी गायब व्हायची. ते त्याच्या डोक्यात कायमचं बसलं.

यामागचं विज्ञान सोपं आहे. उजेडाच्या लाटा सगळ्या दिशांनी हेलकावत असतात. रस्ता, पाणी, बोनेट अशा आडव्या पृष्ठभागावर आपटून आलेल्या उजेडात मात्र आडवे हेलकावे जास्त असतात. आता शेतातलं कोळपं आठवा. पिकाच्या ओळींच्या दिशेने ते सरळ जातं, आडवं घातलं की अडतं. पोलराइज्ड काचेतही अशीच एक दिशा असते. गॉगलमध्ये ती उभे हेलकावे आत सोडते आणि आडवे अडवते. म्हणून चकाकी जाते आणि बाकीचं दिसत राहतं.

1926 मध्ये लँड हार्वर्ड विद्यापीठात गेला, पण थोड्याच महिन्यांत शिक्षण सोडून न्यूयॉर्कला आला. दिवसा लायब्ररीत पुस्तकं चाळायची आणि रात्री कोलंबिया विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत गुपचूप शिरून प्रयोग करायचे, असा त्याचा दिनक्रम होता.

पुस्तकांत त्याला विल्यम हेरापाथ या इंग्लिश डॉक्टरचं काम सापडलं. हिवतापावरचं कोयनेल आपल्याकडे जुन्या लोकांना चांगलं माहीत आहे. कोयनेल दिलेल्या कुत्र्याच्या लघवीत आयोडीन पडलं आणि हिरवट स्फटिक तयार झाले. ते उजेडाला दिशा लावतात, हे हेरापाथने 1852 मध्ये जगाला सांगितलं होतं. अडचण एकच होती. हे स्फटिक फार नाजूक, मोठा बनवायला जावं तर तुटायचा.

लँडने प्रश्नच उलटा केला. एक मोठा स्फटिक कशाला हवा? कोट्यवधी बारीक स्फटिक प्लास्टिकच्या पातळ थरात घालू आणि सगळ्यांची तोंडं एकाच दिशेला करू! 1929 मध्ये त्याने पेटंटसाठी अर्ज केला, तेव्हा तो फक्त एकोणीस वर्षांचा होता. मधल्या काळात तो हार्वर्डला परतला, पण पदवी न घेताच पुन्हा बाहेर पडला. 1932 मध्ये जॉर्ज व्हीलराइट या भौतिकशास्त्राच्या शिक्षकासोबत त्याने प्रयोगशाळा काढली. 1937 मध्ये तिची पोलरॉइड कंपनी झाली.

गंमत म्हणजे गॉगल हे लँडचं मुख्य स्वप्न नव्हतंच. त्याला रात्री समोरून येणाऱ्या हेडलाइटचा त्रास संपवायचा होता. प्रत्येक गाडीच्या हेडलाइटवर आणि चालकासमोरच्या काचेवर 45 अंश तिरका थर लावायचा. मग समोरासमोर आलेल्या दोन गाड्यांचे थर एकमेकांना काटकोनात येतात आणि समोरचा झोत विझल्यासारखा दिसतो. त्याने कित्येक वर्षं प्रयत्न केले, पण गाड्यांच्या कंपन्या तयार झाल्या नाहीत. खर्च होता, जास्त प्रखर दिवे लागले असते आणि सगळ्यांनी एकदम लावल्याशिवाय फायदा नव्हता. म्हणून आजही हेडलाइटचा झोत पोलराइज्ड नसतो. रात्री पोलराइज्ड गॉगल घालून गाडी चालवू नका. झोत थोडा मंद होईल, पण रस्त्यावरचा माणूसही दिसेनासा होईल.

1938 मध्ये लँडच्या कंपनीने नवा थर आणला. पीव्हीए नावाचं प्लास्टिक ताणायचं म्हणजे त्याचे रेणू एका ओळीत येतात, आणि त्याला आयोडीन पाजायचं. तुमच्या मोबाईलच्या स्क्रीनमध्ये आजही याच पद्धतीचा थर असतो!

1943 मध्ये सुट्टीवर असताना त्याच्या तीन वर्षांच्या मुलीने विचारलं, की काढलेला फोटो लगेच का दिसत नाही. त्यातून काही मिनिटांत फोटो देणारा कॅमेरा जन्मला. 1947 मध्ये त्याने तो दाखवला आणि 1948 मध्ये बॉस्टनच्या दुकानात विक्री सुरू झाली. पुढे झटपट सिनेमाची त्याची योजना सपशेल पडली आणि 1982 मध्ये त्याने स्वतःचीच कंपनी सोडली. 1 मार्च 1991 ला तो गेला, तेव्हा त्याच्या नावावर पाचशेहून जास्त पेटंट होती.

आता तुमच्या गॉगलकडे वळू. काच बदलताना एवढं बघा:

• जुनी काच काढण्याआधी वरच्या कडेला चिकटपट्टीचा छोटा तुकडा लावा. नवी काच कापणाऱ्याला दिशा समजते.

• गोल फ्रेममध्ये सर्वात जास्त जपा, कारण काच खोबणीत सहज फिरते. षटकोनी किंवा इतर वेगळ्या आकारात ती फिरत नाही, पण मुळात वाकडी कापली असेल तर ती पुन्हा कापूनच घ्यावी लागते.

• डोळ्यांभोवती वळणाऱ्या फ्रेमला तेवढ्याच बाकाची काच हवी. सपाट काच दाबून बसवली की तिच्यात ताण येतो. मोबाईलच्या पांढऱ्या स्क्रीनसमोर धरल्यावर कडेला इंद्रधनुषी पट्टे दिसले, तर हा ताण असू शकतो.

• फ्रेम सैल करायला जास्त गरम करू देऊ नका. आतला थर सुटू शकतो.

शेवटी दुकानातच तपासा. मोबाईलवर पांढरी स्क्रीन लावा आणि गॉगल समोर धरून हळूहळू फिरवा. दोन्ही काचा एकाच वेळी काळ्या पडल्या पाहिजेत. काही मोबाईलवर काळं होत नाही, तिथे लॅपटॉपची स्क्रीन घ्या. मग गॉगल घालून बाहेर उभ्या गाडीच्या बोनेटकडे एकेका डोळ्याने बघा. मान सरळ असताना चकाकी सर्वात कमी आणि मान तिरकी केल्यावर वाढली, तर काच बरोबर बसली. मान तिरकी केल्यावर चकाकी कमी होत असेल, तर पैसे देण्याआधी काच पुन्हा बसवून घ्या.