पांढरा टी-शर्ट, लाल जॅकेट आणि जेम्स डीन

पांढरा टी-शर्ट, निळी जीन्स, वर एखादं जॅकेट. सकाळचं लेक्चर गाठायची घाई असली की आपण हेच अंगावर चढवतो आणि पळतो. पण सत्तर वर्षांपूर्वी अमेरिकेतल्या कित्येक शाळांमध्ये जीन्सला चक्क बंदी होती. हे कपडे तरुणाईचे झाले, त्यात जेम्स डीनचा मोठा वाटा आहे. आणि हा पोरगा जगला जेमतेम चोवीस वर्षं!

जेम्सचा जन्म ८ फेब्रुवारी १९३१चा, इंडियाना राज्यातल्या मॅरियनचा. पुढे आईवडिलांबरोबर तो कॅलिफोर्नियात आला. नऊ वर्षांचा असताना आई कॅन्सरने गेली. वडिलांनी त्याला आईच्या शवपेटीसोबत रेल्वेने इंडियानाला परत पाठवलं. फेअरमाउंटला आत्या आणि तिच्या नवऱ्याच्या शेतावर तो वाढला. म्हणजे शेतातल्या कामाचे कपडे त्याला काही नवे नव्हते.

जीन्स होतीच मुळी कष्टकऱ्यांची. लेव्ही स्ट्रॉस आणि जेकब डेव्हिस यांनी १८७३मध्ये तांब्याच्या रिव्हेट मारलेल्या पँटचं पेटंट घेतलं, ते मजुरांचे खिसे उसवू नयेत म्हणून. टी-शर्टचं तर विचारूच नका. नौसैनिक तो गणवेशाच्या आत घालायचे. आपल्या आजोबांच्या भाषेत, गंजीफ्रॉक! मार्लन ब्रँडोने १९५१मध्ये तो पडद्यावर उघड मिरवला. जेम्सचा हा आवडता नट. पण ब्रँडो पडद्यावर दिसायचा तो दणकट बाप्या, शाळकरी मुलांना आपल्यातला वाटला तो जेम्स.

न्यूयॉर्कच्या अ‍ॅक्टर्स स्टुडिओत शिकून, टीव्हीवर छोटी कामं करून त्याला ‘ईस्ट ऑफ इडन’ मिळाला आणि तो १९५५मध्ये लागला. त्याच वर्षीच्या ‘रिबेल विदाउट अ कॉज’मध्ये तो जिम स्टार्क झाला. घरी सगळं आहे, पण ऐकून घेणारं कुणी नाही, असा हा मुलगा. सुरुवातीला जिम सूट-टायमध्ये दिसतो, म्हणजे थेट वडिलांसारखा. पुढे तो जीन्स, पांढरा टी-शर्ट आणि लाल जॅकेट घालतो. त्या काळात पोरं मोठी झाली की बापासारखेच कपडे घालायची. मला तुमच्यासारखं व्हायचं नाहीये, हे जिमने कपडे बदलून सांगून टाकलं. सिनेमा आधी कृष्णधवल करायचं चाललं होतं, मग रंगीत करायचं ठरलं. तो लाल रंग लोकांच्या डोळ्यांत बसला तो कायमचा.

हे यश बघायला जेम्स मात्र नव्हता. ३० सप्टेंबर १९५५ला तो सॅलिनासच्या कार रेसला स्वतःची पोर्शे चालवत निघाला. वाटेत वेगासाठी दंडाची पावतीही फाटली. त्यानंतर काही तासांतच समोरून वळणाऱ्या गाडीशी टक्कर झाली आणि तो गेला. थोड्याच दिवसांपूर्वी त्याने तरुणांना रस्त्यावर जपून गाडी चालवायला सांगणारी फिल्म केली होती. ‘रिबेल’ महिन्याभराने लागला, ‘जायंट’ पुढच्या वर्षी. मरणोत्तर दोनदा ऑस्कर नामांकन मिळालं.

आज तोच टी-शर्ट मॉलमध्ये हजारोंना मिळतो आणि बंडखोर लूक म्हणून विकला जातो. दुसरीकडे, २०२४मध्ये मुंबईतल्या एका कॉलेजने फाटक्या जीन्स आणि टी-शर्टवर बंदी घातलीच. म्हणजे भांडण अजून मिटलेलं नाही.

पण सिनेमा पाहाल तेव्हा शेवट नीट बघा. जिम ते लाल जॅकेट थंडीने कुडकुडणाऱ्या एकट्या मित्राला देऊन टाकतो. त्या मित्राला गोळी लागते, तेव्हा जॅकेट त्याच्याच अंगावर असतं. आणि मग जिमचे वडील स्वतःचा कोट काढून त्याच्या खांद्यावर घालतात. त्या घरात बापाने पोराचं ऐकायला तिथून कुठे सुरुवात होते.