समुद्रावरच्या हवेचे गणित मांडणारे गिल्बर्ट वॉकर

उल्हासनगर, कॅम्प नं. ३ : मे महिना सरत आला की बारवी धरणात पाणी किती उरले आणि यंदा पाऊस कसा, हे दोन प्रश्न उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या पट्ट्यात एका दमात विचारले जातात. उत्तरादाखल वर्तमानपत्रांत वेधशाळेचा अंदाज छापून येतो आणि त्यात बहुधा ‘एल निनो’ हा शब्द असतो. हजारो मैलांवरच्या पॅसिफिक महासागराचे पाणी तापले, तर उल्हास नदीच्या खोऱ्यातील माणसाने काळजी का करावी? या कोड्याचा पहिला मोठा धागा ज्यांच्या हाती लागला, ते सर गिल्बर्ट वॉकर मुळात हवामानशास्त्रज्ञ नव्हतेच.

१४ जून १८६८ रोजी इंग्लंडमधील रॉचडेल येथे जन्मलेल्या वॉकर यांनी केंब्रिजच्या ट्रिनिटी महाविद्यालयात गणिताचे शिक्षण घेतले. १८८९ मध्ये ते ‘सीनियर रँग्लर’ झाले, म्हणजे गणिताच्या त्या खडतर परीक्षेत सर्वप्रथम आले. फेकलेली वस्तू परत हातात येते कशी, याचे गणित मांडण्याच्या नादात त्यांनी बूमरँगचा इतका अभ्यास केला की मित्रमंडळी त्यांना ‘बूमरँग वॉकर’ म्हणू लागली. बासरीच्या रचनेतही त्यांना असेच स्वारस्य होते. अशा माणसाच्या हाती १९०४ मध्ये भारताच्या हवामान खात्याची सूत्रे आली.

ही निवड विचित्र वाटली, तरी तिच्यामागे एक भीषण कारण होते. १८७७ च्या दुष्काळानंतर खात्याचे पहिले प्रमुख हेन्री ब्लॅनफोर्ड यांनी हिमालयातील बर्फावरून मोसमी पावसाचे अंदाज बांधायला सुरुवात केली होती. त्यांच्यानंतर आलेल्या जॉन इलियट यांनी अंदाजाचा पसारा वाढवला. मात्र १८९९ मध्ये चांगल्या पावसाची आशा दाखवली गेली आणि प्रत्यक्षात देशाला शतकातील एका अतिभयंकर अवर्षणाला तोंड द्यावे लागले. मुंबई इलाख्यात त्या दुष्काळाने माणसे आणि जनावरे मेली, गावे ओस पडली. खात्यावर टीकेची झोड उठली. पुढची काही वर्षे हे अंदाज जनतेला न सांगता केवळ सरकारपुरते गोपनीय ठेवण्यात आले. पूर्वग्रह नसलेला, आकड्यांशीच इमान राखणारा कोणी हवा होता. इलियट यांनी गणितज्ञाचा आग्रह धरला, तो त्यामुळेच.

वॉकर यांनी वारे आणि ढग यांच्याविषयी नवा सिद्धांत मांडण्याचे टाळले. तसे करण्याइतके ज्ञान त्या काळी कोणापाशीच नव्हते, हे त्यांनी ओळखले होते. त्याऐवजी जगभरातील केंद्रांवरील हवेचा दाब, तापमान आणि पाऊस यांच्या अनेक वर्षांच्या नोंदी त्यांनी गोळा केल्या. एका ठिकाणचे चढउतार दुसऱ्या ठिकाणच्या चढउतारांशी जुळतात का, हे ते तपासू लागले. संगणकाचा मागमूस नव्हता. हिंदी कारकुनांचा एक गट हातानेच आकडेमोड करत बसे. या अनामिक कारकुनांचे ऋण हवामानशास्त्राच्या इतिहासात क्वचितच मान्य केले जाते.

त्या आकडेमोडीतून वॉकर यांनी हिंदुस्थानच्या पावसाचे जे पहिले सूत्र बसवले, त्याचे चार घटक पाहण्याजोगे आहेत : मे अखेरचे हिमालयातील बर्फ, मॉरिशसमधील हवेचा दाब, झांजीबारचा पाऊस आणि दक्षिण अमेरिकेतील हवेचा दाब. यातला एकच घटक देशाच्या सीमेवरचा, बाकीचे तिन्ही समुद्रापलीकडचे. मोसमी पावसाचे मूळ शोधणारी नजर अशा रीतीने हिमालयावरून महासागरांकडे वळली.

पुढे विसाव्या दशकाच्या सुरुवातीला त्यांना एक प्रचंड झोका दिसला. पॅसिफिक महासागरावर हवेचा दाब वाढला की आफ्रिकेपासून ऑस्ट्रेलियापर्यंतच्या हिंदी महासागरावर तो उतरतो. तिकडे उतरला की इकडे चढतो. जणू तराजूची दोन पारडी. याला त्यांनी ‘सदर्न ऑसिलेशन’, म्हणजे दक्षिणी आंदोलन, असे नाव दिले. हिंदी महासागराचे पारडे वर, म्हणजे दाब चढा, असला की भारतात पाऊस रोडावण्याकडे कल राहतो.

शेकडो आकडे एकमेकांशी ताडून पाहिले, तर काही जोड्या निव्वळ योगायोगानेही जुळतात. हा धोका वॉकर यांनी स्वतःच दाखवून दिला आणि त्यासाठी अधिक कडक कसोटी ठरवली. आपल्याच शोधावर असा पहारा बसवणारे संशोधक थोडे.

याच काळातील एक प्रसंग हवामानाशी संबंधित नाही, पण वगळण्याजोगाही नाही. १९१३ च्या फेब्रुवारीत वॉकर मद्रासला गेले असता त्यांना पोर्ट ट्रस्टमधील एका कारकुनाच्या वह्या दाखवण्यात आल्या. त्यांनी तत्काळ मद्रास विद्यापीठाला पत्र लिहून त्या तरुणाची सोय करण्याची शिफारस केली. विद्यापीठाने त्याला दरमहा ७५ रुपयांची शिष्यवृत्ती दिली. तो कारकून म्हणजे श्रीनिवास रामानुजन.

१९२४ मध्ये वॉकर निवृत्त झाले, त्यांना ‘सर’ हा किताब मिळाला आणि ते लंडनच्या इम्पिरियल महाविद्यालयात प्राध्यापक झाले. ज्या लष्करी छावण्यांतून पुढे उल्हासनगर उभे राहिले, त्यांचा तेव्हा पत्ताही नव्हता. चार वर्षांनी, १९२८ मध्ये, हवामान खात्याचे मुख्यालय सिमल्याहून पुण्याला आले. शिवाजीनगरच्या त्या इमारतीला पुणेकरांनी ‘सिमला ऑफिस’ म्हणायला सुरुवात केली, ते आजतागायत.

मात्र ज्या कामासाठी त्यांना आणले होते, ते काम वॉकर यांच्याकडून पुरे झाले नाही. त्यांची सूत्रे काही वर्षे बरी चालत आणि मग दगा देत. दाबाचा झोका कशामुळे हलतो, हे त्यांना सांगता येत नव्हते. त्यासाठी समुद्राच्या पृष्ठभागाच्या तापमानाच्या विस्तृत, सलग नोंदी हव्या होत्या. जहाजांकडून येणाऱ्या तुटपुंज्या माहितीवर ते भागण्यासारखे नव्हते. अनेक सहव्यवसायिकांनी तर इतक्या दूरच्या प्रदेशांचे हवामान एकमेकांशी बांधलेले असेल, यावर विश्वासच ठेवला नाही.

आजही हे नाते सरळ नाही. १९७२ मध्ये एल निनो होता आणि महाराष्ट्र दुष्काळात होरपळला. १९९७ मध्ये त्याहून बलाढ्य एल निनो येऊनही देशात पाऊस सरासरीइतका झाला. शिवाय हंगामाचा अंदाज वेगळा आणि एका दिवसाचा तडाखा वेगळा. २६ जुलै २००५ चा प्रलय किंवा २०१९ च्या जुलैत बदलापूर-वांगणी दरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेसला वेढणारा उल्हास नदीचा पूर वॉकर यांच्या सूत्रांत मावणारा नव्हता.

१९५७-५८ मध्ये आंतरराष्ट्रीय भूभौतिक वर्षानिमित्त जगभर मोजमापे चालू असतानाच पॅसिफिकमध्ये मोठा एल निनो आला आणि हव्या असलेल्या नोंदी प्रथमच हाती आल्या. ४ नोव्हेंबर १९५८ रोजी, वयाच्या नव्वदाव्या वर्षी, वॉकर यांचे इंग्लंडमध्ये निधन झाले. त्या नोंदींचा अर्थ लावून जेकब बर्कनेस यांनी समुद्राचे तापमान आणि हवेच्या दाबाचा झोका यांची सांगड घातली. विषुववृत्तावर पूर्व-पश्चिम फिरणाऱ्या त्या वाऱ्यांच्या चक्राला त्यांनी १९६९ मध्ये ‘वॉकर अभिसरण’ असे नाव दिले.