बाबासाहेबांची लेखणी कशी घडली?



१९५४ साली परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकर आपल्या भंडारा मतदारसंघातून लोकसभेची पोटनिवडणूक लढले. त्यात त्यांचा पराभव झाला, पण भंडाऱ्याचं नाव त्यांच्या चरित्रात कायमचं नोंदलं गेलं. बाबासाहेब म्हटले की आपल्याला संविधान आठवतं, महाडचं चवदार तळं आठवतं. पण त्यांच्या हातातली लेखणी लहानपणी कशी घडली, हे पोरांना सांगायचं आपण विसरतो.

भीमरावांचा जन्म १४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे झाला. वडील सुभेदार रामजी सैन्याच्या शाळेत शिक्षक होते. कबीरपंथी माणूस, घरात शिस्त कडक. आई भीमाबाई लवकर गेल्या, तेव्हा आत्या मीराबाईंनी मुलांना सांभाळलं. घरात रोज पाठांतर चाले. मोरोपंत, मुक्तेश्वर मुलांच्या कानावर पडत. मराठीचा कान असा घरातच तयार झाला.

इंग्रजीचा पायाही बापानेच घातला. हॉवर्डची इंग्रजी पुस्तकं आणि तर्खडकरांची भाषांतरमाला त्यांनी मुलाकडून पाठ करून घेतली. मराठी शब्दाला नेमका इंग्रजी शब्द कोणता, हे ते पुन्हा पुन्हा विचारीत. कमी नाही, जास्त नाही, नेमका शब्द हवा. पुढे जगाने वाखाणलेली त्यांची भाषा या अभ्यासातून आली.

७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या सरकारी शाळेत त्यांचं नाव दाखल झालं. तेव्हा भीमराव नऊ वर्षांचे होते. वर्गात वेगळं बसायचं, तेही घरून नेलेल्या तरटावर. तहान लागली तर नळाला हात लावायची मुभा नाही, शिपायाने पाणी दिलं तरच प्यायचं. पुढे मुंबईत एल्फिन्स्टन हायस्कूलमध्ये शिक्षकांनी फळ्यावर गणित सोडवायला बोलावलं, तर फळ्यामागे ठेवलेले डबे बाटतील म्हणून मुलं ते उचलायला धावली. संस्कृत शिकायची इच्छा होती. तेही नाकारलं गेलं, म्हणून फारसी घ्यावी लागली. हा अपमान त्यांनी गिळला नाही. मोठेपणी त्यातूनच लेखणीला धार आली.

मुंबईत परळला चाळीतल्या एका खोलीत संसार होता. तिथेच स्वयंपाक, तिथेच अभ्यास. वडील स्वतः जागत बसत आणि रात्री दोनच्या सुमारास मुलाला अभ्यासाला उठवत. भीमरावांना शाळेच्या पुस्तकांबाहेरची पुस्तकं हवी असत. पैसे नसले की रामजीबाबा लेकीकडे जात, तिचा दागिना मागून आणत, तो गहाण ठेवत, पुस्तक घेत आणि पेन्शन हाती आली की दागिना सोडवून परत देत. त्या बहिणींच्या दागिन्यांचं ऋण आपल्यावरही आहे.

शाळकरी वयातच त्यांच्या सत्कारसभेत कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजींनी त्यांना स्वतः लिहिलेलं भगवान बुद्धांचं मराठी चरित्र भेट दिलं. १९०७ साली भीमराव मॅट्रिक झाले. त्यांना ७५० पैकी २८२ गुण मिळाले होते. आज कमी मार्कांवरून पोराला बोल लावणाऱ्या आईबापांनी हा आकडा ध्यानात ठेवावा.

मग ३१ जानेवारी १९२० रोजी ‘मूकनायक’ निघाला, १९२७ साली ‘बहिष्कृत भारत’. आणि केळुसकर गुरुजींच्या त्या पुस्तकाने पेरलेलं बीज ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात फळाला आलं. ६ डिसेंबर १९५६ रोजी त्यांचं महापरिनिर्वाण झालं आणि १९५७ साली हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. छापलेला ग्रंथ त्यांना पाहता आला नाही.

आपल्या वस्तीत कुणी धानाच्या शेतावर राबतं, कुणी बिड्या वळतं. रामजीबाबांकडेही पैसा नव्हता. मुलाजवळ रोज बसण्याची चिकाटी होती. विहाराच्या वर्धापनदिनी एवढंच ठरवू या: रोज संध्याकाळी टीव्ही बंद करून अर्धा तास पोराजवळ बसायचं, त्याच्याकडून एक पान वाचून घ्यायचं आणि चार ओळी लिहून घ्यायच्या.

जय भीम!